देवाशी भांडायला बसलेली मंडळी

मुखेडच्या ख्रिस्ती मंडळीत मी पाळक म्हणून आलो, तेव्हा चर्चच्या मागच्या बाकांवर धूळ साचलेली असे. तरुण माणसं पुण्याला, हैदराबादला गेलेली. उरलेली म्हातारी मंडळी पुढच्या बाकांवर बसत. मी शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, वर्ग घेतले, उपासाच्या प्रार्थना ठेवल्या, रोज सकाळी मोबाइलवर वचन पाठवलं. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र यायचं, बस. उपदेश करून खाली उतरलो की आपण भिंतींशी बोललो असं वाटे.

एका रविवारी मला राहवलं नाही. म्हणालो, "आज प्रार्थना मी करणार नाही. तुम्ही करा. मोठ्यानं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मी एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरकाकांना म्हणालो, "काका, तुम्ही सुरुवात करा." गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको आजारपणात गेली होती. काका उठले, टोपी घातली आणि सरळ निघून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. "राग आला का, काका?"

"तुमचा न्हाई, साहेब." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती गेल्यापासून प्रार्थनेला बसलो की भांडणच निघतंय तोंडातून. चर्चात उभं राहून देवाशी भांडू का?"

सांत्वनाचं एक वचन माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांच्याकडे पाहून ते गिळलं. म्हणालो, "भांडा. शुक्रवारी इथंच जमू. उपदेश नको."

शुक्रवारी मोजकी माणसं आली. काकांनी डोळे मिटलेच नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "लई हाल केलेस तिचे. रोज हात जोडून राहिलो होतो मी. ऐकू आलं न्हाई का तुला?"

मंडळीचे ज्येष्ठ पंच माझ्या कानाशी लागले, "ही काय प्रार्थना हाय?" मीही धास्तावलो होतो. तेवढ्यात कोपऱ्यातून एक निवृत्त नर्सबाई बोलल्या, "प्रभू, माझा लेक फोन उचलत न्हाई. मी त्याचं वाईट चिंतलं. मला माफ कर." त्या हुंदके देऊ लागल्या. पंच आता उठून जातील असं वाटलं. ते गेले नाहीत. चष्मा काढून डोळे पुसत बसले.

तेव्हापासून शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जमणं सुरू झालं. माणसं काही वाढली नाहीत. उलट एक कुटुंब लातूरला निघून गेलं. चर्चच्या वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "नवीन कोणी आलं का?" "नाही," म्हणालो.

मागच्या महिन्यात बिलोलीला एका तरुण बापाच्या अंत्यविधीला गेलो होतो. रविवारी सकाळी परतताना एसटी बंद पडली. उपासनेची वेळ टळत चालली, तसा मी रस्त्यावर येरझारा घालू लागलो. अखेर एका टेम्पोतून पोचलो. पाहतो तर उपासना सुरू होती. पंच शास्त्र वाचत होते. मग काका उठले. "बिलोलीच्या त्या लेकरांजवळ बस, देवा," ते म्हणाले. "काही बोलू नको. नुसता बस."

मला बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, आता आपलं इथं काम काय? पुढे जावं की नको, ठरेना. नर्सबाईंनी सरकून जागा केली. घामेजलेल्या अंगानं मी त्यांच्या शेजारी बसलो.