मास्तरांचा पुढचा आयटम

मास्तरांच्या जादूच्या पार्टीत मी पेटीतली बाई होते. जिला सगळ्यांदेखत पेटीत घालतात, जिच्यावर तलवारी खुपसतात आणि शेवटी जी गायब होते, ती मी. आता माझं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बायकांना हे सांगितलं तर त्या हसतात आणि म्हणतात, "मावशी, काहीही सांगता तुम्ही!"

लग्न मोडून मी माहेरी आले होते, तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी मेंढरं विकून टाकली होती आणि ते वाळूजला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले होते. मी शहागंजातल्या एका टेलरकडं काजंबटणं करायचे. मास्तरांच्या बायको, ज्यांना मी काकू म्हणायला लागले, त्या चमकीचे झगे शिवून घ्यायला तिथं यायच्या. एक दिवस त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुला अंग चोरून बसता येतं का गं?"

मी म्हटलं, "पालात वाढलेय काकू. कोकरं, भांडी आन आम्ही भावंडं, समदे एकाच पालात झोपायचो."

"मग उद्या घरी ये."

वडील आधी नाय म्हणाले. मग काकू स्वतः आमच्या घरी आल्या, चुलीपुढं मांडी घालून भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "मी बाई माणूस तिच्यासोबत आहे. माझ्या नजरेपुढं राहील." वडिलांना त्यांचं असं जेवायला बसणं आवडलं की बोलणं, कोण जाणे, पण ते कबूल झाले.

पार्टी म्हणजे आम्ही चौघं. मास्तर साठीकडं झुकलेले, वैजापूरकडच्या शेतकरी घरातले. भाऊ शेतात राहिले, यांनी जादू धरली. निजामाच्या राज्यात शाळा शिकल्यामुळं उर्दू सफाईदार. स्टेजवर उभे राहिले की "मेहरबान, कद्रदान" असं सुरू करायचे आणि बघता बघता मराठीत यायचे. काळा कोट, हातात लाल रुमाल, आणि आवाज असा की मागच्या रांगेतला पेंगणारा माणूसही दचकून जागा व्हावा. पण आयटम बसवायच्या काकू. घरातल्या फरशीवर खडूनं पेटी काढायच्या, मी कुठून सरकणार, कपडा कुठं अडकणार, मास्तरांनी लोकांचं लक्ष कुठल्या हाताकडं ओढायचं, सगळं त्यांनी आखलेलं. त्या स्वतः मात्र कधी स्टेजवर आल्या नव्हत्या. पडद्याआड उभ्या राहून ओठातल्या ओठात मास्तरांचं बोलणं म्हणत राहायच्या.

चौथे चाचा. ते हार्मोनियम वाजवायचे. हार्मोनियमला पेटी म्हणायची सोय नव्हती, कारण पेटी म्हटलं की माझी पेटी. म्हणून आम्ही तिला बाजा म्हणायचो. प्रत्येक आयटमची चाल चाचांनी बांधलेली होती. पेटीचं झाकण लागलं की आत अंधार. मग बाहेर काय चाललंय ते मला चालीवरूनच कळायचं. चाल संथ असेपर्यंत मी गुडघे छातीशी घेऊन फळी सरकवायची आणि खालच्या चोरकप्प्यात उतरायचं. चाल जलद झाली की तलवारी. पुन्हा संथ झाली की झाकण उघडणार, पेटी रिकामी दिसणार, टाळ्या पडणार.

फुलंब्रीच्या एका शाळेत पहिल्यांदा काहीतरी चुकलं. चाल संथ होती, मी अर्धी वर अर्धी खाली होते, आणि तलवार आली. ती माझ्या दंडाला घासून, झग्याची बाही फाडून समोरच्या फळीत घुसली. मी ओरडले नाही. ओरडायचं नाही हे इतकं अंगात भिनलं होतं की आधी मनात आलं, चूक माझीच झाली असेल.

खेळ संपल्यावर मी मास्तरांना बाही दाखवली. ते बाहीकडं बघत राहिले. मग हसून म्हणाले, "जादूगारानं पुढचं सांगितलं तर मग जादू कसली?"

टेम्पोत सामान चढवताना चाचा माझ्या कानाशी लागले. "मास्तर कुछ नया आयटम बिठा रहे. हमकू बताते नै."

"मला न सांगता? पेटीत मी असते चाचा."

"हौ, वो भी है," चाचा म्हणाले आणि डोकं खाजवत राहिले.

काकूंना वाटत होतं मास्तर त्यांच्यावर रुसलेत. आयटम तुझे, नाव माझं, असं काहीतरी त्यांच्या मनात असेल, म्हणून ते ठरलेलं मोडतायत. मला वाटत होतं ते माझी परीक्षा बघतायत. आणि मास्तरांना विचारायची सोय नव्हती. माणसाला चकवणं हाच ज्याचा आयुष्यभराचा धंदा, त्यानं "मला ठाऊक आहे" म्हटलं काय किंवा "मला ठाऊक नाही" म्हटलं काय, खरं कुठलं मानायचं?

त्यानंतर पाचोड. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ, कनात माणसांनी गच्च भरलेली. घड्याळाचा आयटम होता. लोकांतल्या कुणाचं तरी घड्याळ मागून घ्यायचं, रुमालात बांधून हातोड्यानं ठोकायचं आणि मग अख्खं घड्याळ बंद डब्यातून काढून दाखवायचं. ठोकायचं ते अर्थातच आमचं जुनं मोडकं घड्याळ. मास्तरांनी पुढच्या रांगेतल्या एका टोपीवाल्या शेतकऱ्याला वर बोलावलं, त्याचं घड्याळ घेतलं, ठोकलं. मग डबा उघडला. डबा रिकामा.

मास्तर डब्यात बघत राहिले. चाचांनी टाळ्यांची चाल सुरू केली होती, ती त्यांनी थांबवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबवली.

"मास्तर, माझं घड्याळ?" शेतकरी म्हणाला.

"कुठलं घड्याळ?"

लोक खदखदून हसले. शेतकरी मात्र हसला नाही. "आवं, आत्ताच तर दिलं तुमच्याकडं. सासऱ्यानं घातलंय ते मला."

"सासऱ्यानं घातलं तर सासऱ्याला विचारा," मास्तर म्हणाले. पुन्हा हशा. पण मागून दोघं-तिघं उठून पुढं यायला लागले. "ए जादूगार, घड्याळ दे त्याचं," असा आवाज आला.

तेव्हा काकू स्टेजवर आल्या. साधं नऊवारी, डोक्यावर पदर, हाताला खडू. मला वाटलं त्या माफी मागणार. पण त्यांनी लोकांकडं बघून खणखणीत आवाजात विचारलं, "पाव्हणं, डोक्याला जड जड वाटतंय का?"

शेतकऱ्यानं टोपी काढली. टोपीत घड्याळ होतं.

असा गलका मी कुठल्याच खेळात ऐकला नव्हता. लोकांनी टोप्या उडवल्या. शेतकरी घड्याळ कानाला लावून हसत सुटला. मी मात्र मास्तरांकडं बघत होते. ते तोंड उघडं ठेवून त्या टोपीकडं पाहत होते, अगदी पुढच्या रांगेतल्या पोरांसारखे.

परत येताना मी काकूंना विचारलं, "टोपीत आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"लग्न नवीन होतं तेव्हा ते असंच टोपीत घालायचे. डब्याचा आयटम मी नंतर बसवला." त्यांनी बोटांवरचा खडू पदराला पुसला. "त्यांच्या हाताला आठवलं गं. त्यांना आठवलं की नाही, ते काही कळेना."

चाचांचं म्हणणं वेगळंच. "क्या चकमा दिया मास्तरने! हम सबकू उल्लू बनाया." ते इतक्या खुशीत होते की मलाही घटकाभर तसंच वाटलं.

शेवटी काकू त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेल्या. सोबत मी होते. डॉक्टरांनी गोड आवाजात विचारलं, "मास्तर, आज वार कोणता?" मास्तरांनी हात पुढं केला आणि डॉक्टरांच्या कानामागून रुपया काढला. डॉक्टर लहान पोरासारखे खूश झाले. नर्सला हाक मारली, "या, या, हे बघा!" आणि अजून एक दाखवा, अजून एक दाखवा, असं करत तपासायची वेळ निघून गेली. ताकदीचं औषध घेऊन आम्ही बाहेर आलो.

रिक्षात काकू हळूच म्हणाल्या, "त्यांनी वार सांगितलाच नाही. तुझ्या ध्यानात आलं का?"

"आलं."

"आठवत नव्हता, की सांगायचा नव्हता?"

मास्तर आमच्या दोघींच्या मध्ये बसून तोच रुपया बोटांतून फिरवत होते.

मग वाळूजचा खेळ आला. एका कारखान्यात कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी कार्यक्रम होता. वडिलांच्या ओळखीनं मिळालेला, ते स्वतः युनिफॉर्ममध्ये दाराशी उभे. काकूंनी तलवारी घरीच ठेवायला लावल्या. फक्त गायब व्हायचं, एवढंच. मास्तर सुरुवातीपासून झकास बोलत होते. मला पेटीत घातलं, झाकण लावलं, चाल संथ झाली, मी खाली उतरले. झाकण उघडल्याचा आवाज आला. आता "देखिए, गायब!" ऐकू येणार म्हणून मी थांबले.

काहीच ऐकू आलं नाही. मग मास्तरांचा आवाज, पण स्टेजवरचा नव्हे, घरातला. "अरे, पोरगी कुठं गेली?"

लोक हसले.

"आत्ता इथं होती की. मी झाकण लावलं. अहो, पोरगी कुठं गेली?" त्यांच्या पायांचा आवाज स्टेजच्या कडेपर्यंत गेला, परत आला. पेटीच्या फळ्यांवर ते हात आपटत होते. "लोकाची पोर आहे. तिच्या बापाला काय सांगू मी?"

टाळ्या वाजत होत्या. लोकांना वाटलं, काय ॲक्टिंग करतो बुवा! चाचांना काय वाजवावं कळेना, ते संथ चाल वाजवत राहिले. म्हणजे माझ्यासाठी खूण होती, हलू नकोस. चोरकप्प्यातून कधीही, काहीही झालं तरी, लोकांपुढं बाहेर यायचं नाही हा पार्टीचा पहिला नियम. आणि ही ॲक्टिंग असली तर? आजचा हाच नवीन आयटम असला आणि मी बाहेर पडून तो मोडला तर? अंधारात गुडघे पोटाशी धरून मी ऐकत होते. मग मास्तर रडायला लागले. हुंदका फळीतून मला हाताला जाणवला.

मी फळी सरकवली आणि सगळ्यांदेखत उभी राहिले. "मास्तर, मी इथंच आहे."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तोंड ओलं झालं होतं. "इतका येळ कुठं होतीस गं?"

लोक हसले, काही चुकचुकले. कुणीतरी म्हणालं, "हात्तेच्या, खाली कप्पा हाय व्हय!" वडील दारापाशी टोपी हातात घेऊन उभे होते. काकू पडद्याआडून आल्या, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना आत घेऊन गेल्या. चाचा बाज्यावरचे हात उचलायचेच विसरले होते. एक सूर तसाच भाता रिकामा होईपर्यंत वाजत राहिला.

टेम्पोत चाचा माझ्याशेजारी बसले. बाजा मांडीवर घेत म्हणाले, "नया आयटम नै था ना बेटा?"

"नव्हता चाचा."

पार्टी तिथंच मोडेल असं मला वाटलं होतं. पण काकू काळा कोट उसवून घेऊन माझ्याकडं आल्या. "माझ्या मापाचा कर." पुढं त्या जादू करायला लागल्या, नऊवारीवर कोट घालून. तलवारी कायमच्या बंद केल्या. मास्तरांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून ते पुढच्या रांगेत खुर्चीवर बसायचे. आयुष्यात पहिल्यांदा ते आपला खेळ समोरून बघत होते. कधी ते शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगायचे, "ती खाली उतरली बघा," आणि माणूस म्हणायचा, "गप बसा ना आजोबा, बघू द्या." कधी रिकामी पेटी पाहून तेच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायचे. एका खेळात दोन्ही व्हायचं. मी कप्प्यात पडून ऐकायचे आणि मला उलगडायचं नाही की आत्ता बाहेर कुठले मास्तर बसलेत.

असे थोडे दिवस गेले. मग त्यांना टेम्पोत बसवणं जमेना. खेळ थांबले. चाचा लग्नांमध्ये वाजवायला लागले, मी पुन्हा मशीनवर बसले. मास्तर पुढच्या हिवाळ्यात गेले. वैजापूरकडचे भाऊ आले होते. चाचांनीही खांदा दिला.

ते जाण्याआधी मी एकदा भेटायला गेले होते. मास्तर पलंगावर बसून रुमालाच्या गाठी मारत आणि सोडवत होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण नमस्कार केला. आत स्वयंपाकघरात काकू म्हणाल्या, "आज सकाळी मलाच विचारत होते, बाई, माझी बायको कुठं दिसली का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, गावाला गेलीय, संध्याकाळपर्यंत येईल. तर म्हणाले, बरं, आली की सांगा, तोवर तुम्ही बसा."

काकू माझ्याकडं पाठ करून मेथी निवडत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला मागून दिसलं नाही, आणि मी पुढं जाऊन बघितलंही नाही.