बायांच्या छातीत दुखत नाही

बुलढाण्याजवळच्या धाड या गावी मी डॉक्टर म्हणून दवाखाना टाकला तेव्हा तिथे वीजही धड नव्हती. औषधं संपायची, किस्से मात्र साठत जायचे. हसण्यासारखे असतात ते मी चारचौघांत सांगतो. हे तसे नाहीत. यांचा मला अजून संताप येतो.

*

बाजाराच्या दिवशी एक जण बायकोला घेऊन आला. "गॅस झाला हो इले. सोडा द्या."

मी तिला विचारलं, "पाठीत दुखतं का?" तो म्हणाला, "नाही."

"दम लागतो?" "नाही."

"अहो, तुम्हाला नाही, बाईंना विचारतोय!"

मग ती पदराआडून हळूच म्हणाली, "दोन्ही होते."

तिला तसंच जीपमध्ये घालून बुलढाण्याला पाठवलं. हार्ट अटॅक होता, पण वाचली. नवरा अजून सांगतो, गॅसच होता!

*

शाळेतल्या गुरुजींच्या बायकोचा जबडा दुखायचा. घागर घेऊन चढ चढली की दुखायचा, टेकली की थांबायचा. गुरुजींनी चिखलीला नेऊन तिची एक दाढ काढून आणली, मग दुसरी. दोन्ही दाढा ठणठणीत होत्या. तिसरीची वेळच आली नाही.

ती गेल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "छातीत दुखतं असं ती एकदाही बोलली नाही हो."

*

एका बाईला सकाळपासून ओकाऱ्या, अंगाला थंड घाम. तशातच तिने मजुरांच्या भाकरी केल्या आणि आडवी झाली ती उठलीच नाही. मी दिराला विचारलं, "आधी का नाही आणलं?"

"भाकरी थापून राह्यली होती न, साहेब. बिमार बाई भाकरी थापते काय?"

मी बॅग उचलून निघालो.

*

एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सासूने दुखणं सांगायचं आणि सुनेने खाली पाहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. म्हातारी भिंतीला टेकून सांगू लागली, "इचा डावा हात भरून येते. पहाटपासून घाम फुटून राह्यला. जीव घाबरते."

सुनेची नाडी उत्तम, कपाळ कोरडं. घामाने निथळत होती ती म्हातारीच.

"हे नेमकं कोणाला होतंय?" मी विचारलं.

सून म्हणाली, "आत्याबाईलेच होऊन राह्यलं. घरात सांगू नको म्हणे. तुह्याच नावानं दवाई घेऊ म्हणे."

म्हातारीने डोळे वटारले. मी तिला बाकावर निजवलं आणि इंजेक्शन भरायला वळलो. तेवढ्यात संपलं.

शेतात निरोप गेला होता की आई सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. मुलगा धावत आला. बाकावरची चादर पाहून दारातच बसला.

"माही बायको गेली काय हो?"

पाणी आणायला गेलेली सून त्याच्या मागेच उभी होती.