काळी एक

मला घडवलं गावच्या कदम गुरुजींनी, पेटीवर काळी एक पट्टीत भजनं शिकवून. अंधेरीच्या चर्चमधल्या गायनवृंदाचे सर कधी ओरडत नाहीत; कुणी चुकलं की नुसता चष्मा काढतात. आम्हा नव्यांची निवड करताना त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन समूहगीताचं रेकॉर्डिंग लावलं.

"पट्टी कुठली?"

छापील स्वरलिपी बघून सगळे म्हणाले, "डी." म्हणजे आपली पांढरी दोन. मला ती लिपी वाचता येत नव्हती.

"काळी एक," मी म्हणालो. "लय पळतेय, पण रडवतंय."

सगळे हसले. सरांनी चष्मा काढला. संपलं, असं वाटलं. मग त्यांनी पियानोवरची पहिली काळी दाबली. रेकॉर्डिंगशी सूर मिळाला.

"त्या काळी वाद्यं अर्धा सूर उतरूनच लावायचे, रे; या रेकॉर्डिंगमध्येही तशीच लावलीयत. यांनी वाचलं, तू ऐकलंस. चल, टेनरमध्ये, उंच आवाजाच्या पुरुषांत उभा राहा."

घरी येऊन पत्र लिहिलं: "गुरुजी, आपली काळी एक मुंबईत चालली. दिवाळीत येतोय. पेटी काढून ठेवा, एक जर्मन भजन बसवायचंय."