खरवडलेला चेहरा

चित्रकलेचे भालेराव सर माणसाचं चित्र कानापासून सुरू करायचे. स्टाफरूममध्ये आपण बोलत असलो की ते तोंडाकडे न बघता कानाकडे बघत बसायचे. "तोंड खोटं बोलतंय सर, कानाला ते जमत न्हाई," असं म्हणायचे. हेडमास्तरांचा नुसता कान काढून त्यांनी आम्हाला पोट धरून हसवलं होतं.

आम्ही दोघं ताडकळसजवळच्या एकाच गावचे, एकाच शाळेत. नामांतराच्या दंगलीत बौद्धवस्तीतलं त्यांचं घर जळालं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आमचं घर गावातलं मोठं. न विचारणं माझ्या सोयीचं होतं.

दहा वर्षं त्यांची चित्रं मासिकांकडून साभार परत येत होती. अशात एका सोमवारी पुण्याच्या एका दिवाळी अंकाचं पाकीट आलं. नेहमीचा चित्रकार आजारी पडला होता. सोबतच्या कथेसाठी एक चित्र बुधवारच्या टपालाने निघायलाच हवं होतं. कथा जळालेल्या वस्तीची होती. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी त्यांनी चित्र माझ्यापुढे ठेवलं. जमावात सगळ्यांत पुढे टेंभा घेतलेला माणूस, कानाची पाळी फाटलेली. ते माझे काका होते.

"घाई लय झाली सर," ते हळूच म्हणाले. "अनोळखी माणूस काढायला येळ लागतो. डोळ्यानं बघितलेलं हातातून आपसूक उतरलं."

तुमचे वडील अजून गावात राहतात, अंक तिथेही येतो, असं मी त्यांना समजावलं. खरं तर मला काळजी आमच्या घराण्याच्या नावाची होती.

त्यांनी चित्र परत आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "तुमी म्हणता म्हणून ह्याचं तोंड खोडतो. पण तिथं दुसऱ्याचं तोंड घालणार न्हाई."

दाढीच्या ब्लेडने त्यांनी तो चेहरा कानासकट खरवडला आणि टपाल गाठायला निघून गेले.

चेहरा नसलेल्या माणसाची कल्पना संपादकांना फार आवडली, तसं त्यांनी कळवलं. सरांनी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. पुढच्या जूनमध्ये बदली मागून ते सोनपेठला गेले आणि तिथेच वारले. मला महिनाभराने कळलं.

अंक निघाला त्या दिवाळीत काका आमच्या ओट्यावर तो चाळत होते. त्या चित्रापाशी थांबले, खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोण रं?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

सरांचा चेहरा आठवला की मला अजून त्या दोन शब्दांची लाज वाटते.