कुंकू लावलेली लोंबी

माझ्या सुमनताईने शाळा सोडून नागभीडला धान रोवले, म्हणून मी पदवीधर झालो. आता शिडाच्या बोटीवर नोकरी करतो. नव्या बेटावर पोचलो की पिवळा झेंडा लावून परवान्याची वाट पाहायची, तोवर उतरायचे नाही.

एका बेटावर कस्टमचा म्हातारा अधिकारी एकटाच बोटीवर आला. प्रत्येक शिक्क्यावर तो हळूच फुंकर घाली. ताईने निघताना कुंकू लावून दिलेली धानाची लोंबी मी फॉर्मवर 'देवाची वस्तू' म्हणून लिहिली होती.

"हे बाहेरचं बी आहे, यातून कीड येते. जाळावं लागेल," तो म्हणाला. "माझ्या गावचं बेट दुसरं. तिथलं बीही मला इथं आणता येत नाही."

धक्क्यावर पत्र्याच्या डब्यात त्याने ती पेटवली.

मी पत्र लिहिले: "ताई, तुही लोंबी जाळा लागली. मले उतरू देल्लं, तिले नाई. पण जाळणारा मानूस टोपी काढून उभा होता."