चौकीवरचा आमचा सिलिंडर

नव्वदच्या दशकात आम्ही ऐरोलीत तळमजल्यावर राहायला आलो आणि दसरा झाल्या झाल्या मागच्या गॅलरीतला गॅस सिलिंडर चोरीला गेला. घरात सिलिंडर एकच, आणि रिकामा परत दिल्याशिवाय एजन्सीवाला भरलेला देईना. मग स्टोव्ह आला. रेशनच्या रॉकेलसाठी रांगेत सासूबाई उभ्या राहायच्या; घरी येऊन स्टोव्हला आणि चोराला एकाच दमात शिव्या घालायच्या.

पुढे रबाळ्याच्या एका भंगारवाल्याकडे चोरीचे सिलिंडर सापडले. आम्ही दोघी उड्या मारत चौकीवर गेलो. हवालदारांनी मान वर केली नाही. खुर्चीवर कुणी बिल्डरचा माणूस बसला होता, त्याला चहा दिला जात होता. आम्ही दाराशी उभ्या.

सासूबाईंनी मला कोपर मारलं. कोपऱ्यात शेगडी, शेजारी आमचा सिलिंडर. दसऱ्याला त्यांनी लावलेली कुंकवाची पाच बोटं अजून तशीच होती!

"अवो, ह्यो आमचा हाय!"

"मावशी, टेन्शन घेऊ नका. मुद्देमाल आहे तो. केस उभी राहिल्याशिवाय मिळत नाय."

"मुद्देमालावर च्या उकळतोय व्हय?"

हवालदार हसले. मला मात्र रडू येत होतं, रागाचं.

घरी नवरा म्हणाला, पोलिसांशी वाकडं नको. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी वेगळंच सांगितलं. मुद्देमाल पोलिसांनी वापरायचा नसतो, त्याबद्दल वरच्या साहेबांकडे तक्रार करता येते, आणि कोर्टात अर्ज केला तर हमीवर वस्तू आधीही परत मिळते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. मोठ्या साहेबांपुढे मला तोंड उघडायची वेळच आली नाही. चहाचं ऐकून साहेब आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

कोर्टाचा आदेश मिळाल्यावर आम्ही चौकीवर सिलिंडर घ्यायला गेलो, तेव्हा साहेब स्वतः तिथे होते. सिलिंडर अर्थातच रिकामा. साहेब ओशाळले. "बाई, तुमचं नुकसान झालं."

"रिकामा चालतोय, एजन्सीला रिकामाच लागतो," सासूबाई म्हणाल्या. "पन साहेब, चोरी आमच्यात झाली अन् हितं हुभं बी आमालाच केलं. कुनी बस म्हनलं न्हाई. माजी तक्रार ती हाय."

आम्ही घरी सिलिंडर, सिलिंडर करत होतो आणि या बाईच्या मनात इतके दिवस हे होतं! मला त्यांचा फार अभिमान वाटला.

हवालदारांनीच दोन खुर्च्या आणल्या. मग चहा आला, स्टोव्हवरचा, रॉकेलचा सणसणीत वास मारणारा. मी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या, चहा बशीत ओतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.