ठेंगणं आणि लांबडं

"आधी मोजा, मग भांडा," असं कुलूपवाला उठता-बसता म्हणायचा. दूध पातळ आलं म्हणून बायको गवळ्याला फैलावर घ्यायला निघाली की हा दुकानातून ओरडायचा, "आधी मोजा!" पातळपणा मोजायचा कशाने, ते मात्र विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो तासभर समजावून सांगायचा आणि तोवर दूध उतू जायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर किल्ल्यांचे झुबके, खाली लोखंडाचा कीस आणि मधल्या फळीवर, मऊ फडक्यावर निजवलेली दोन जुनी हवेची पिस्तुलं. स्प्रिंग दाबायची, छर्रा भरायचा, चाप ओढायचा, एवढाच कारभार. लांब नळीचं ते लांबडं, ते त्याने भंगारातून उचललेलं. आखूड, काळं, जडशीळ ते ठेंगणं, ते सासऱ्याचं. तरुणपणी तो सासऱ्याच्या घरी अडकलेलं कपाट उघडायला गेला होता. कपाटासोबत आतल्या ठेंगण्याचा अडकलेला चापही त्याने सोडवून दिला. म्हातारा इतका खूश झाला की ठेंगणं त्यालाच दिलं आणि पुढे मुलगीही दिली.

"आधी ते, मग मी," बायको पाहुण्यांना सांगायची. "आमच्या घरात मोठी सवत काळी आहे."

अशा घरात एका सुट्टीच्या दिवशी मेहुणा आला. तो बसचा कंडक्टर. आवाज असा की खासगी गोष्टही शेवटच्या बाकापर्यंत पोचायची.

"दाजी, वडिलांची वस्तू मुलाकडे हवी. तुमच्याकडे दोन-दोन, मी बसलोय रिकाम्या हाताने!"

"लांबडं ने की."

"लांबडं माझ्या बापाचं होतं का?"

दोघांचे आवाज चढले तशी बायको कपड्यांचा पिळा हातात घेऊनच बाहेर आली. "भांडताय कशाला? मोजा! ज्याचा जोर कमी पडेल ते माझ्या भावाला द्या, चांगलं ते आपल्याला. झालं!"

कुलूपवाल्याला त्याच्याच बोलण्याने बांधलं होतं. आता ठेंगण्याने जिंकायलाच हवं होतं.

मागच्या अंगणात भिंतीला जुनी गादी टेकवली. गादीपुढे स्टुलावर कपड्यांच्या साबणाची वडी. छर्रा जितका खोल रुतेल तितका पिस्तुलाचा जोर. खोली मोजायला विणायची सुई.

"माझा साबण?" बायकोने विचारलं.

"शास्त्राचं काम आहे."

"मग शास्त्राने आपला साबण आणावा."

लांबड्याचा छर्रा थप्पकन बसला. सुई बोटाच्या पेरभर आत गेली. मग ठेंगणं. कुलूपवाल्याने श्वास धरला, चाप ओढला. फुस्स! छर्रा वडीपर्यंत कसाबसा पोचला, दारात थकलेल्या पाहुण्यासारखा जरा टेकला आणि खाली पडला.

"वॉशर सुकलाय," कुलूपवाला घाईघाईने म्हणाला. "आत चामड्याचा वॉशर असतो. त्याला तेल लागतं. तहानलेल्याला पळायला लावणं हा अन्याय आहे."

"पाजा बुवा," मेहुणा म्हणाला.

एक थेंब पुरतो, हे कुलूपवाल्याला झोपेतही ठाऊक होतं. पण माया आंधळी झाली आणि बाळाच्या टाळूवर घालावं तसं त्याने तेल घातलं. नेम धरला. चाप ओढला.

धडाम!

साबणाची दोन शकलं झाली. छर्रा गादी फोडून भिंतीत गेला. निळा धूर पसरला, शेजाऱ्यांच्या कोंबड्या छपरावर चढल्या आणि मेहुणा पाण्याच्या पिंपामागून बोलला, "दाजी... हे हवेचंच आहे ना?"

"जिंकलं! बाबांचं जिंकलं!" बायको टाळ्या पिटत होती.

"मान्य, मान्य!" मेहुणा पिंपामागूनच म्हणाला. "तुमचं तुम्हाला लखलाभ. मला ते गरीब लांबडं द्या."

कुलूपवाल्याने नुसतं गप्प राहायचं होतं. ठेंगणं घरात राहणार होतं. पण तो विरणाऱ्या धुराकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"हा जोर हवेचा नव्हता," तो म्हणाला. "हवा दाबून तापली आणि आत तेल पेटलं. मोजणीत धरता येणार नाही."

"अहो, गप्प बसा!"

"नाही गं. जास्तीचं तेल जळू दे. पुन्हा मारतो."

तो पुन्हा मारत राहिला. धूर विरळ झाला, आवाज बसला, आणि शेवटी तेल अगदी बेताचं उरलं तेव्हा नव्या वडीत सुई नखाएवढीच गेली. लांबड्याच्या निम्मीही नाही.

"दाजी, मघाचंच धरू या!" मेहुणा आता गयावया करत होता. "हे पेटतं! माझ्या घरात पडदे आहेत!"

"मोजलंय ते मोजलंय. ठेंगणं तुझं."

"मी हात लावणार नाही."

"मग मी पोचवतो."

त्याने ठेंगणं मऊ फडक्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि मागच्या फाटकातून निघाला. बोळात तो हळू चालत होता. वळणावर फडकं सरकलं तसं थांबून त्याने ते नीट खोचलं आणि पुढे गेला. मेहुणा बराच मागे, भिंतीच्या कडेकडेने. साबणाचं शकल हातात धरून बायको फाटकात उभी राहून बघत होती, आणि छपरावरून कोंबड्या.